माना छावणी ते ढाका : १९७१ चा न मिटलेला वाद

गेल्या वर्षी आपल्या आनंद नगरच्या मांडवात मुलांची वादविवाद स्पर्धा झाली, ती बऱ्याच जणांना आठवत असेल. आरती झाली, खिरापत वाटून झाली, खुर्च्या मागे सरकवल्या आणि फळ्यावर विषय लिहिला गेला : 'परक्या देशात नरसंहार होत असेल तर तो थांबवण्यासाठी आपण सैन्य पाठवावे काय?' विषय आम्हीच सुचवला होता. वर्तमानपत्रे रोज तेच लिहीत होती, म्हटले मुलांनाही विचार करू द्यावा.

अनुकूल बाजूच्या मुलाने टेबलावर मूठ आपटून सांगितले की शेजारच्या घरात खून पडत असेल तर दार तोडून आत शिरावेच लागते. भरपूर टाळ्या पडल्या. प्रतिकूल बाजूची मुलगी शांतपणे म्हणाली, "दार तोडून आत गेलेला माणूस काम झाल्यावर बाहेर येईल, याची हमी कोण देणार?" तिला टाळ्या कमी पडल्या. परीक्षकांत आम्हीही होतो. पहिला क्रमांक मुलाला दिला.

कार्यक्रम आटोपल्यावर मागच्या रांगेतले एक काका आमच्यापाशी आले. वय ऐंशीच्या घरात, आरोग्य खात्यातून निवृत्त. "पोरं छान बोलली. पण एकानंही मानाचं नाव घेतलं नाही," एवढेच म्हणाले आणि चपला शोधायला लागले. माना म्हणजे काय, हे आम्हालाही पटकन उमगले नाही, हे येथे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी गेलो, चहा घेतला आणि तीन तास बसलो. पुढे वर्षभर जमेल तसे वाचत राहिलो. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत फायली पुढे सरकवणारे. जन्मही त्या युद्धानंतरचा. तरीही जे कळले ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे वाटले.

बेळगावचा बातमीदार

डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीगला पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत स्पष्ट बहुमत मिळाले. शेख मुजीबुर रहमान पंतप्रधान व्हायला हवे होते. लष्करशहा याह्या खान यांनी सभेची बैठकच पुढे ढकलली आणि वाटाघाटींचे गुऱ्हाळ चालू ठेवले. २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कर ढाक्याच्या रस्त्यांवर उतरले. ढाका विद्यापीठाची वसतिगृहे, त्यातही हिंदू विद्यार्थ्यांचे जगन्नाथ हॉल, पोलिसांची राजारबाग, जुन्या ढाक्यातल्या हिंदू वस्त्या, ही पहिली लक्ष्ये. नंतर ते लोण खेड्यापाड्यांत गेले. विद्यार्थी, प्राध्यापक, अवामी लीगचे कार्यकर्ते आणि हिंदू कुटुंबे वेचून काढली गेली. स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांचे वर्णन या मंगल प्रसंगी करवत नाही.

किती माणसे मारली गेली? बांगलादेश ३० लाख म्हणतो. काही अभ्यासक तो आकडा बराच खाली, काही लाखांवर आणतात. आकड्यांचा वाद आम्ही सोडवू शकत नाही. पण ढाक्यातले अमेरिकेचेच वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी मार्चअखेर आपल्या सरकारला पाठवलेल्या तारेत 'निवडक नरसंहार' असा शब्द वापरला होता. ६ एप्रिलला त्यांच्या कार्यालयातल्या वीस जणांनी सह्या करून आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध नोंदवला. सरकारी नोकराने वरिष्ठांना असे कागदावर लिहून देणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्यांना वेगळे सांगायला नको. ब्लड यांची ढाक्यातून उचलबांगडी झाली.

जगाला खरी जाग आली ती १३ जून १९७१ ला. त्या दिवशी लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये मोठ्या अक्षरांत एकच शब्द मथळा म्हणून छापला गेला : 'जेनोसाइड', म्हणजे नरसंहार. लेखक होते अँथनी मस्कारेन्हास, कराचीतले पत्रकार. गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबातले आणि जन्म आपल्या बेळगावचा! पाकिस्तानी लष्कराने 'सारे आलबेल आहे' असे लिहून घेण्यासाठी निवडक पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात नेले होते, त्यांतले ते एक. बाकीच्यांनी सांगितले तसे लिहिले. यांना ते जमले नाही. आधी बायकोमुलांना लंडनला हलवले, मग स्वतः अफगाणिस्तानमार्गे निसटले आणि डोळ्यांनी पाहिलेले सगळे छापून टाकले. कराचीतले घरदार कायमचे सुटले.

आपल्या राज्यातली माना

आता काकांकडे येतो. माना म्हणजे रायपूरजवळची निर्वासित छावणी. रायपूर तेव्हा आपल्या मध्य प्रदेशातच होते. ही छावणी १९७१ च्या आधीपासूनची. दंडकारण्य प्रकल्पात वसवायच्या पूर्व बंगालच्या निर्वासितांना पहिल्यांदा तेथेच उतरवत. १९७१ मध्ये पश्चिम बंगाल आणि त्रिपुरा तुडुंब भरले, तेव्हा केंद्राने काही भार इतर राज्यांवर टाकला. १ डिसेंबर १९७१ रोजी देशात ९८,९९,३०५ निर्वासितांची नोंद होती. त्यांतले सुमारे ७५ लाख एकट्या पश्चिम बंगालमध्ये आणि १४ लाख त्रिपुरात, जेथे राज्याची स्वतःची लोकसंख्याच १५-१६ लाख! मध्य प्रदेशातल्या तीन छावण्यांत २,१९,२९८ जण होते.

काका तेव्हा पंचविशीतले, कंपाउंडर. त्यांना तात्पुरत्या कामावर मानाला पाठवले होते. गाडी आली की उतरलेल्यांना पटकीची लस टोचायची आणि रजिस्टरात नोंद करायची, हे काम. ते बंगाली बोलत, हे मराठी. दोघांमध्ये मोडकी हिंदी. काका म्हणाले, "नाव, गाव, वय विचारायचो. घरात किती माणसं, असं विचारलं की बायका गप्प व्हायच्या. निघताना किती होती ते सांगू, की आत्ता किती आहेत ते सांगू? मी रकाना कोराच सोडायचो. साहेब रागवायचे."

आम्ही आकडे वाचले होते, पण एक कोटी म्हणजे काय हे त्या कोऱ्या रकान्याने समजले.

या खर्चाचा भार कोणी उचलला? तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. ऑक्टोबर १९७१ मध्ये निर्वासितांसाठी जादा कर आले. रेल्वेच्या तिकिटावर आणि टपालावरही. १५ नोव्हेंबरपासून पत्राला नेहमीच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे तिकीट लावावे लागे. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात ते छोटे तिकीट कित्येक घरांत अजून सापडेल. यंदा माळा आवरताना जरूर पाहा. नागपूरला आईला खुशाली कळवणाऱ्या भोपाळच्या माणसानेही पाच पैसे मानाच्या भाकरीसाठी दिलेले आहेत.

आठ महिने थांबलो ते का?

मुलाचे म्हणणे खरे मानले, तर आपण एप्रिलमध्येच दार तोडायला हवे होते. संसदेने ३१ मार्चलाच पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव एकमताने केला होता. मग सैन्य डिसेंबरात का गेले?

जनरल माणेकशा यांनी नंतर अनेकदा सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळापुढे त्यांनी साफ सांगितले की सैन्य तयार नाही, पावसाळा तोंडावर आहे आणि पूर्व बंगालच्या नद्या फुगल्या की त्यांचे समुद्र होतात. उत्तरेच्या खिंडी मोकळ्या आहेत, चीन उतरू शकतो. हिवाळ्यात त्या बर्फाने बंद होतील. सांगणाऱ्याने गोष्टीला थोडा रंग भरला असेल, पण लष्करी हिशेब बरोबर होता. अर्धवट तयारीने आत शिरून हरलो असतो, तर मारेकऱ्यांना मोकळे रानच मिळाले असते.

तरीही हे विसरता येत नाही की त्या आठ महिन्यांत माणसे मरत होती. थांबणे शहाणपणाचे होते आणि त्या शहाणपणाची किंमत दुसऱ्यांनी मोजली. दोन्ही वाक्ये खरी आहेत, एकाने दुसरे खोडले जात नाही.

मधल्या काळात सरकार हातावर हात ठेवून बसले नव्हते. येथे आपल्या राज्याला जवळचे एक नाव येते, खुसरो फरामुर्झ रुस्तमजी. जन्म नागपूरजवळच्या कामठीचा, जुन्या मध्य प्रांताच्या पोलीस सेवेतले. १९५८ ते १९६५ ते मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक होते. चंबळच्या दरोडेखोरांचा बंदोबस्त त्यांच्याच काळातला. १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दल निघाले, त्याचे पहिले प्रमुख हेच. १९७१ च्या एप्रिलपासून बंगाली मुक्तियोद्ध्यांना पहिली मदत याच दलाने केली. १७ एप्रिलला सीमेलगतच्या आंबराईत बांगलादेशाच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला, त्यामागेही या दलाची धावपळ होती. नंतर मुक्ती वाहिनीच्या प्रशिक्षणाचे काम सैन्याने हाती घेतले.

म्हणजे 'सैन्य पाठवावे की नाही' या प्रश्नाच्या अलीकडे बऱ्याच पायऱ्या असतात. आश्रय देणे, पैसा उभा करणे, पीडितांना स्वतः लढायला उभे करणे, जगाची दारे ठोठावणे. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्री करार झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इंदिराबाई युरोप-अमेरिकेच्या राजधान्या फिरून आल्या. सहानुभूती मिळाली, निर्वासित परत जातील असे काही कोणी केले नाही. आमच्या मुलांनी या पायऱ्या गाळल्या, कारण विषयच आम्ही तसा दिला होता.

जंगी पलटणीची वाट

२१ नोव्हेंबरपासून सीमेपलीकडे आपल्या तुकड्यांच्या चकमकी सुरू झाल्या होत्या, हे लपवण्याचे कारण नाही. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडच्या आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि उघड युद्ध सुरू झाले. ६ तारखेला भारताने बांगलादेशाला मान्यता दिली.

युद्धाचा सारा वृत्तांत येथे देत नाही. पण मराठी घरांना ठाऊक असावी अशी एक वाट आहे. उत्तरेकडून ढाक्याला येणाऱ्या रस्त्यावर जमालपूरला पाकिस्तानच्या बलुच पलटणीचे मजबूत ठाणे होते. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्याची चिठ्ठी पाठवली. पलीकडच्या लेफ्टनंट कर्नलने नकाराच्या उत्तराबरोबर बंदुकीची एक गोळी गुंडाळून धाडली. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजेच जंगी पलटण, तोवर ठाण्याच्या मागची वाट अडवून बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री निसटू पाहणाऱ्या शत्रूशी तिची गाठ पडली आणि ११ ला जमालपूर पडले. त्याच दिवशी दुपारी टांगाइलजवळ छत्रीधारी सैनिक आकाशातून उतरले. ती दुसरी पॅरा बटालियन. तीही मूळची मराठा पलटणच. दुसऱ्या दिवशी पुंगली पुलाजवळ या दोन्ही पलटणी एकमेकींना भेटल्या. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या आपल्या सैन्यात दुसरी पॅरा होती. त्याच दुपारी रमणा रेसकोर्सवर जनरल नियाझी यांनी शरणपत्रावर सही केली.

मराठा रेजिमेंटचे केंद्र बेळगावला आहे. ज्या गावात जन्मलेल्या माणसाने जगाला सत्य सांगितले, त्याच गावातून घडून निघालेली पलटण ते थांबवायला गेली. हा योगायोगच, पण आम्हाला तो भावला.

जगाचे मत

आता त्या मुलीची बाजू. ७ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झाले. ताबडतोब युद्ध थांबवा आणि सैन्ये आपापल्या हद्दीत न्या, या ठरावाच्या बाजूने १०४ मते, विरुद्ध फक्त ११, तटस्थ १०. विरुद्ध मतांत आपण, भूतान, सोव्हिएत संघ आणि त्याची मित्रराष्ट्रे. अलिप्ततेच्या चळवळीतले आपले जुने सोबती युगोस्लाविया आणि इजिप्तसुद्धा पलीकडे. सुरक्षा समितीत सोव्हिएत नकाराधिकाराने आपल्याला वाचवले, जसे दहा वर्षांपूर्वी गोव्याच्या वेळी वाचवले होते.

१०४ देश काय सगळे निर्दय होते? तसे नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या लहान देशांना एकच भीती होती : बलाढ्य शेजाऱ्याने 'तुमच्याकडे अन्याय होतोय' म्हणून सैन्य घुसवायचे, हा पायंडा पडला तर उद्या आपली पाळी. संयुक्त राष्ट्रांची सनद दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायला मनाई करते. स्वसंरक्षण हा अपवाद. दुसरीकडे १९४८ चा नरसंहारविरोधी करार सही करणाऱ्या देशांवर नरसंहार रोखण्याची जबाबदारी टाकतो. भारत आणि पाकिस्तान दोघेही त्यात सामील होते. रोखायचा कसा, हे मात्र करार नीट सांगत नाही. नियमावलीत दोन कलमे एकमेकांवर आदळली की कारकुनाची काय गत होते ते आम्ही रोज पाहतो. येथे तर प्रश्न लाखो जिवांचा.

आणखी एक गोष्ट. खुद्द भारतानेही आपली बाजू मांडताना मुख्य भर 'आम्ही नरसंहार थांबवायला गेलो' यावर ठेवला नाही. ३ डिसेंबरचा हल्ला आणि निर्वासितांच्या लोंढ्याने आपल्यावर लादलेले संकट, यांवर ठेवला. गंमत अशी की जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने १९७२ च्या अहवालात उलटे म्हटले : स्वसंरक्षणाचा युक्तिवाद लंगडा, माणुसकीपोटी हस्तक्षेपाचा मात्र समर्थनीय ठरू शकला असता. आपण ते तत्त्व पुढे का केले नाही, याचा आमचा अंदाज सरळ आहे. ते तलवारीसारखे दुधारी आहे आणि उद्या कोणी ते काश्मीरच्या नावाने आपल्यावरच उगारले असते. पुढे १९९९ मध्ये कोसोव्होच्या प्रश्नावर नाटोने बॉम्बवर्षाव केला, तेव्हा भारताने विरोध केला. २०११ मध्ये लिबियाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. लिबियात नागरिकांना वाचवण्यासाठी गेलेली मोहीम सत्तापालट करून थांबली आणि देश यादवीत पडला. मुलीच्या प्रश्नाला तेथे वाईट उत्तर मिळाले.

पण न जाण्याचाही हिशेब असतो. १९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. कत्तल चालू असताना संयुक्त राष्ट्रांनी तेथली आपली तुकडी वाढवली नाही, उलट कमी केली. नियम मोडला गेला नाही, माणसे मेली.

मग निकाल काय?

भारत १९७१ मध्ये दयेपोटी गेला की स्वार्थापोटी? आमचे उत्तर : दोन्ही. पाकिस्तान दुभंगले तर आपला फायदा, हे दिल्लीत सर्वांना कळत होते. एक कोटी माणसांचा खर्च झेपणारा नव्हता, हेही. पण हेतू गंगाजळाइतका शुद्ध नव्हता म्हणून कृती वाईट ठरत नाही. बुडणाऱ्याला बाहेर काढणाऱ्याची त्याच्याशी सोयरीक आहे का, हे नंतर विचारता येते.

आम्हाला १९७१ वेगळे वाटते ते चार कारणांनी. एक, पीडित लोक स्वतः लढत होते आणि निवडून आलेले त्यांचे प्रतिनिधी मदत मागत होते. दोन, आधीच्या पायऱ्या चढून झाल्या होत्या. तीन, झळ आपल्यालाही लागत होती, त्यामुळे आपण परके तमासगीर नव्हतो. आणि चार, सर्वांत महत्त्वाचे : आपण बाहेर आलो. मार्च १९७२ मध्ये ढाक्यात निरोपाचे संचलन झाले आणि सैन्य परतले. मुलीने मागितलेली हमी त्या वेळी आधी कोणी दिली नव्हती, पण ती पाळली गेली.

याचा अर्थ सारे गोड झाले असा नाही. १४ डिसेंबरला, शरणागतीच्या दोन दिवस आधी, ढाक्यातल्या प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकारांना घरांतून उचलून ठार मारण्यात आले. सैन्य शहराच्या वेशीवर येऊनही ते वाचले नाहीत. विजयानंतर उर्दूभाषक बिहारी वस्त्यांवर सूड उगवला गेला. ९३ हजारांच्या आसपास युद्धकैदी भारतात आणले. नियाझींना तर आपल्या जबलपूरलाच ठेवले होते. त्यांतल्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे ठरले होते. एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारानंतर तेही परत गेले. खटला एकावरही चालला नाही. सैन्य कत्तल थांबवू शकते. न्याय देणे हे निराळे काम आहे आणि ते राहूनच गेले.

शेवटी पुन्हा काकांचे रजिस्टर. जानेवारी १९७२ पासून परतीच्या गाड्या सुटू लागल्या. सरकारी नोंदीप्रमाणे मार्चअखेर जवळजवळ सगळे निर्वासित परत गेले होते. काकांचे काम आता उलटे झाले : गाडीत बसलेल्याच्या नावावर लाल रेघ मारायची. "एवढ्या रेघा आयुष्यात कधी आनंदानं मारल्या नाहीत," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "काही नावांवर रेघ आधीच मारलेली होती. हगवणीनं गेलेली पोरं ती. त्यांच्या आया गाडीत चढताना मागं वळून बघायच्या."

वाचकहो, आम्ही गेल्या वर्षी दिलेला निकाल आता बदलता येत नाही. ढाल त्या मुलाच्या घरी आहे आणि तो बोललाही मनापासून. पण आज निकाल लिहायचा तर दोघांना मिळून पहिला क्रमांक देऊ. दार तोडायचे धाडस आणि बाहेर येण्याची आठवण, यांतले एक नसेल तर दुसऱ्याला अर्थ नाही. यंदाच्या स्पर्धेचा विषय काकांनी सुचवावा, अशी विनंती त्यांना केली आहे. त्यांनी हो म्हटले आहे. अट एकच, की बोलणाऱ्या मुलांनी आधी एकदा त्यांच्या घरी चहाला यावे.

गणपती बाप्पा मोरया!